प्राणी निवारागृहाच्या विस्तारासाठी खासगी देणग्या कशा उभाराव्यात?

प्रश्न: आमची नोंदणीकृत संस्था नागपुरात जखमी, भटक्या कुत्र्यांचे निवारागृह चालवते. विलगीकरण कक्ष आणि पारा ४५ अंशांवर गेला तरी प्राण्यांना सोसवेल असे छत यांसाठी निधी हवा आहे. महापालिकेवर विसंबून न राहता तो कसा उभारावा?

उत्तर १: ८०जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला आयकरात वजावट मिळते) असल्यास ती आवाहनातच नमूद करावी. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर करवजावट मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा यूपीआयचा आग्रह धरावा.

उत्तर २: बुटीबोरी आणि हिंगणा येथील कंपन्यांना भेटावे. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याणाचा समावेश असल्याने हा खर्च त्यांच्या सीएसआरमध्ये (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चात) बसतो. मात्र संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (असा निधी घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे केलेल्या नोंदणीचा) असावा लागतो.

उत्तर ३: बांधकामाला पैसे देणारे भेटतात (भिंतीवर नावाची पाटी लागते ना!), परंतु वाढलेल्या जागेबरोबर वाढणारा औषधे, खाद्य आणि पगार यांचा मासिक खर्च भागवायला सहसा कोणी पुढे येत नाही. त्यामुळे माझ्या मते पायाभरणीपूर्वीच दरमहा थोडी रक्कम देणारे देणगीदार जोडावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सीएसआर-१ नोंदणी बाकी आहे. आधी ती करून घेतो.