स्नीकर्सवर कोणती पँट? बुटक्या उंचीच्या मैत्रिणींनो, अनुभव लिहा

पुणे, उंची ५ फूट (धागा काढणारी)

स्नीकर्स आता ऑफिसात चालतात, प्रवासात चालतात, कुर्त्याखालीही चालतात. अडतं ते वरच्या पँटपाशी. अमेरिकेत साधारण ५ फूट ४ इंचांपर्यंतच्या बायकांसाठी 'पेटीट' नावाची वेगळी मापं असतात. आपल्याकडे बायकांची सरासरी उंचीच ५ फुटांच्या आसपास, म्हणजे त्या हिशेबाने आपण बहुतेकजणी पेटीट. तरी दुकानात हाताला लागते ती आतल्या शिवणीला ३० नाहीतर ३२ इंचांची जीन्स. मला २७ इंच पुरतात. उरलेली घडी बुटावर येऊन बसते आणि सगळा पायच जड दिसतो.

माझ्या मते मोहरी, म्हणजे पँटच्या पायाचं खालचं तोंड, बुटाच्या नेमकी कुठे थांबते, यावर सारं ठरतं. माझं जमलेलं गणित असं: सरळ कटची, कमरेला उंच बसणारी जीन्स, मोहरी बुटाच्या वरच्या काठाला जेमतेम टेकलेली, खाली पांढरे, सपाट, बारीक सोलचे स्नीकर्स. 'अँकल लेंथ' म्हणून विकतात ती पँट मला बरोबर पूर्ण लांबीची होते, त्यामुळे मी तीच घेते आणि कापायचा खर्च वाचतो.

तुमचं काय जमलं ते लिहा. उंची, पँटची लांबी आणि बुटाचा प्रकार जरूर सांगा. नुसत्या फोटोपेक्षा मापांचा उपयोग जास्त होतो.

ठाणे, ४ फूट ११ इंच

मी रोज लोकलने जाते, त्यामुळे हील्स कधीच सोडल्या. ऑफिसला वाइड लेग ट्राउझर्स घालते. कमी उंचीला ती शोभत नाही असं सगळीकडे वाचलं होतं, ते मला मुळीच पटत नाही. दोन गोष्टी पाळते. कमरेला ती अगदी वर बसली पाहिजे आणि शर्ट आत खोचलेला हवा, म्हणजे पाय कमरेपासून सुरू होतो. आणि लांबी जमिनीपासून अर्धा इंच वर. त्याहून लांब ठेवली तर पुलाच्या जिन्यावर मागच्या बाईचा पाय पडतो, पावसाळ्यात कड चिखल ओढते. त्याहून आखूड केली तर घोट्यापाशी घेर उघडा पडतो आणि मी रुंद दिसते.

बूट सव्वा इंच सोलचे. मोहरीखालून फक्त टोक दिसतं. काळ्या पँटखाली काळे किंवा गडद राखाडी. पांढरे घातले की नजर तिथेच थांबते.

नाशिक, ५ फूट १ इंच

माझं अल्टरेशनचं दुकान आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे, पँट छोटी करायला द्याल तेव्हा ज्या बुटांवर घालणार ते बूट घालूनच या. चपला घालून माप देतात आणि नंतर स्नीकर्सवर पँट आखूड झाली म्हणून परत येतात, हे दुकानात नेहमीचं आहे. जाड सोलचे आणि सपाट असे दोन्ही बूट असतील तर पँटही त्यानुसार वेगळी ठेवा. एकच लांबी दोन्हींवर बसत नाही.

दुसरं, जीन्स आधी धुऊन आणा. सुती कापड पहिल्या धुण्यात लांबीला आटतं. मी खडूने खूण करते ती धुतलेल्या कापडावरच.

आता कापण्याबद्दल. सरळ कटची पँट दोन-तीन इंच कापली तरी काही बिघडत नाही. निमुळत्या पँटचं तसं नाही. खालून कापली की मोहरी रुंद होते, कारण अरुंद भागच निघून गेलेला असतो. मग गुडघ्यापासून खाली आतली शिवण पुन्हा मारून ती आवळावी लागते. बूटकटमध्ये नेमकं उलटं होतं: घेर गुडघ्याखाली सुरू होतो, खालचा भाग कापला की घेरच जातो आणि उरते धड सरळ नाही, धड घेरदार नाही अशी पँट. शिवाय उंच बाईसाठी कापलेल्या पँटचा गुडघा आपल्या नडगीवर येतो. तो वर घेणं मोठं काम आहे आणि खर्चही तसाच. म्हणून बूटकट घ्यायचीच असेल तर कमी लांबीचीच शोधा.

जीन्सची मूळ कड राखता येते. जास्तीचं कापड आत दुमडून जुन्या कडेला अगदी चिकटून शिवण मारायची, मग आतलं कापून ओव्हरलॉक करायचं, म्हणजे कापलेल्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून ती बांधून घ्यायची. ती विटलेली कड आणि जाड पिवळसर दोरा तसाच राहतो, नव्याने कापल्याचं कळत नाही. आवर्जून मागा, कारण मागितल्याशिवाय बरेच जण करत नाहीत.

सांगली, ४ फूट १० इंच, कॉलेज

सगळ्या ताई उंच कसं दिसायचं तेच सांगताहेत. मला उंच दिसायचंच नाहीये! मला ढगळ कार्गो आणि हाय-टॉप आवडतात. कॉन्व्हर्सचे ऑल स्टार १९१७ साली बास्केटबॉलसाठी निघाले, म्हणून ते घोट्यावर चढतात, आणि बुटाचा तोच घोट्यावरचा भाग दिसलेला मला छान वाटतो. कार्गोची मोहरी इलॅस्टिकने बुटाच्या कडेवर आवळून ठेवते आणि वर आखूड टी-शर्ट. वर-खाली दोन्ही ढगळ मात्र नाही घालत, त्यात मी हरवते.

धागा काढणारी

अगं, अगदी बरोबर बोललीस. शीर्षकात 'उंच दिसण्यासाठी' असं मुद्दामच लिहिलं नाही. आपल्या अंगावर कपडा नीट बसावा एवढीच इच्छा आहे.

नागपूर, ४ फूट ११ इंच, निवृत्त शिक्षिका

गुडघे दुखायला लागल्यापासून मी सलवार-कुर्त्यावरही स्पोर्ट्स शूज घालते. सुरुवातीला नातेवाईक बघत राहायचे, आता माझ्या दोन्ही जावा तेच घालतात. पटियाला किंवा फार घेराची सलवार बुटांवर गोळा होते. चुडीदारच्या चुण्या आणि बुटांच्या नाड्या एकत्र आल्या की पायापाशी गर्दी होते. सिगारेट पँट, म्हणजे सरळ, बारीक पायांची, सर्वात सुटसुटीत. घोट्याच्या हाडाच्या वर संपणारी शिवून घेते. कुर्ता गुडघ्यापर्यंतच. पोटरीपर्यंत लांब कुर्ता घेतला तर खाली पँटची चिमूटभर पट्टी आणि मग बूट, असं तुटक दिसतं. कुर्ता लांबच हवा असेल तर बाजूचे काप उंच ठेवायला सांगते.

आणि बायांनो, पायाला आराम आधी. बूट संध्याकाळी विकत घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो.

लीड्स, ब्रिटन, ५ फूट १ इंच

इथे मोठ्या दुकानांत पेटीट विभाग असतो, ५ फूट ३ इंच आणि त्याखालच्यांसाठी. त्यात नुसती लांबीच नाही, आसनही (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) कमी असतं आणि गुडघा वर घेतलेला असतो. नाशिकच्या ताईंनी लिहिलेलं वाचलं आणि तिथल्या पँटी न कापता का बसतात ते नीट समजलं. तोटा एवढाच की विभाग छोटा, रंग मोजके.

माझं पाऊल युके ३ चं. त्यामुळे स्नीकर्स मुलांच्या विभागातून घेते. इथे लहान मुलांच्या कपड्या-बुटांवर व्हॅट नाही, मोठ्यांच्या बुटांवर २० टक्के. तसाच दिसणारा बूट बराच स्वस्त पडतो. फक्त मुलांच्या बुटात आतली गादी पातळ असते, खूप चालणार असाल तर वेगळी गादी घाला.

ठाणे

मुलांच्या विभागाचं इथेही लागू आहे! माझं पाऊल युके २, आणि बायकांचे स्नीकर्स बहुतेक दुकानांत ३ किंवा ४ पासून सुरू होतात. विक्रेते आतून कापूस कोंबून द्यायला बघतात, ते घेऊ नका. टाच सटकते.

मडगाव, ५ फूट

मोज्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. आखूड पँट आणि लो-टॉप घातल्यावर मधली दोन बोटं त्वचा दिसली तर पाय मोकळा दिसतो. तिथे पांढरा मोजा डोकावला की पँट, मोजा, बूट असे तीन तुकडे पडतात. न दिसणारे मोजे घ्या, टाचेला आतून सिलिकॉनची पट्टी असलेले, नाहीतर चालताना गोळा होऊन तळव्याखाली जातात. थंडीत घोटा झाकायचा असेल तर पँटच्याच रंगाचे मोजे.

पावसात जूनपासून मी पांढरे कॅनव्हास बंदच ठेवते. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली सुकवते, दोन-तीनदा कागद बदलून. उन्हात ठेवले की पांढरा कपडा पिवळा पडतो.

धागा काढणारी

ज्यांच्याकडे जॉगर्स किंवा क्युलॉट्स (घेरदार, आखूड पँट) आहेत त्यांनीही लिहा. क्युलॉट्स मला स्नीकर्सवर अजून जमलेल्या नाहीत, पोटरीच्या सर्वात जाड भागावरच त्यांची कड येते. नाशिकच्या ताई, त्या कापून गुडघ्याच्या जरा खाली आणल्या तर घेर टिकेल का?

नाशिक

टिकेल. क्युलॉट्सचा घेर कमरेपासूनच सुटतो, बूटकटसारखा खाली नसतो. दीड इंच कापा, आधी टाचण्या लावून बूट घालून आरशात बघा, मग कात्री लावा.