‘मॅकबेथ’ : राजाची खुशामत की शोकांतिका?

प्रश्न
राजा डंकनला मारून स्कॉटलंडची गादी बळकावणाऱ्या सरदाराचे ‘मॅकबेथ’ हे नाटक शेक्सपिअरने १६०६ च्या सुमारास लिहिले. त्याच्या तीनच वर्षे आधी स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हा पहिला जेम्स म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला होता आणि शेक्सपिअरच्या नाटकमंडळीला त्याने आपला आश्रय दिला होता. स्कॉटलंडची कथा, चेटकिणी आणि जेम्सचा पूर्वज मानला गेलेला, मॅकबेथचा सोबती सरदार बँको हे सारे पाहता नाटक राजाला खूश करण्यासाठीच रचले गेले, असे मानावे का? तसे असेल, तर महत्त्वाकांक्षा आणि अपराधभाव या विषयांचे मोल कमी होत नाही का?

उत्तर १
शेक्सपिअरने मूळ कथेत काय बदलले, ते आधी पाहावे. शेक्सपिअरने जिचा आधार घेतला त्या होलिनशेडच्या बखरीतला डंकन हा कारभारात ढिला असलेला राजा आहे. अल्पवयीन मुलगा माल्कम याला वारस नेमून त्याने आपला हक्क डावलला, अशी तिथल्या मॅकबेथची तक्रार आहे. बँको डंकनच्या हत्येच्या कटात सामील आहे. आणि गादी मिळाल्यावर मॅकबेथ सुमारे दहा वर्षे चांगला कारभार करतो. नाटकात यातले जवळजवळ काहीच उरत नाही. राजाच्या पूर्वजाला राजहत्येत गोवणे त्या काळी कोणत्या नाटककाराला परवडले असते? मात्र बँको निर्दोष ठरताच मॅकबेथला पत्नीखेरीज साथीदार उरला नाही, आणि हक्काची तक्रार गाळल्यामुळे सबबही उरली नाही. म्हणूनच पहिल्या अंकातील स्वगतात तो स्वतःशी कबूल करतो की डंकन आपला आप्त, आपला राजा आणि आपला पाहुणा आहे, आणि आपल्याला पुढे रेटणारी केवळ महत्त्वाकांक्षा आहे. घरी आलेल्या राजाला झोपेत मारण्याचा प्रसंगही त्याच बखरीतल्या दुसऱ्या कथेतून, डॉनवाल्डने पत्नीच्या चिथावणीने केलेल्या राजा डफच्या हत्येतून, उचललेला आहे. माझ्या मते राजकीय सोयीसाठी केलेल्या बदलानेच येथे शोकांतिका घडवली.

उत्तर २
वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. परंतु ‘खूश करणे’ हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटतो. नोव्हेंबर १६०५ मध्ये संसदेसह राजाला सुरुंगाच्या दारूने उडवण्याचा कट उघडकीस आला, आणि मे १६०६ मध्ये हेन्री गार्नेट या जेझुइट (कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूला त्या प्रकरणी फाशी झाली. शपथेवरही द्व्यर्थी उत्तर देता येते, या त्याच्या भूमिकेचा खटल्यात बराच गाजावाजा झाला होता. दुसऱ्या अंकातला द्वारपाल नरकाच्या दारी आलेल्या अशाच एका दुटप्पी बोलणाऱ्याची टिंगल करतो. हत्येनंतर लगेच येणारा हा विनोद सहज घातलेला नाही, कारण पुढे ‘बर्नमचे जंगल चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस, स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणी तुला इजा करू शकणार नाही’ हे चेटकिणींकडून मिळालेले भाकीत मॅकबेथला अशाच द्व्यर्थी बोलण्याने बुडवते. चेटकिणींविषयीही एवढेच म्हणेन की, १५९७ मध्ये चेटकावर ग्रंथ लिहिणाऱ्या जेम्सला त्या परिचित वाटल्या असतील. पण हत्या कर, असे त्या मॅकबेथला एकदाही सांगत नाहीत.

उत्तर ३
प्रत्यक्ष इतिहासात डंकन १०४० मध्ये लढाईत पडला आणि मॅकबेथने १०५७ पर्यंत राज्य केले. बँको तर बहुधा बखरकारांनीच निर्माण केलेले पात्र आहे. नाटकही १६२३ मध्येच प्रथम छापले गेले, आणि चेटकिणींची देवता हेकेटी हिचे प्रसंग नाटककार मिडलटनने नंतर घातले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे त्या प्रसंगांवरून राजाच्या आवडीचे अनुमान काढू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण चौथ्या अंकात चेटकिणी मॅकबेथला दाखवतात ती बँकोच्या वंशातील आठ राजांची मिरवणूक? ती तर उघड स्तुतीच आहे.

उत्तर १
स्तुती आहे, यात वाद नाही. शेवटच्या राजाच्या हातातल्या आरशात पुढचे अनेक राजे दिसतात आणि त्यांतल्या काहींच्या हाती दुहेरी गोल व तिहेरी राजदंड, म्हणजे एकाहून अधिक राज्यांच्या सत्तेची चिन्हे, आहेत, ते जेम्सकडे बोट दाखवण्यासाठीच. पण ती मिरवणूक पाहतो आहे निपुत्रिक मॅकबेथ, ज्याने तिसऱ्या अंकातच ‘मी बँकोच्या वंशासाठी माझा आत्मा डागाळला’ अशा अर्थाचा त्रागा केला होता. जेम्सला जो देखावा अभिमानाचा वाटावा, तोच रंगमंचावर मॅकबेथला मिळालेली सर्वांत कठोर शिक्षा आहे.