मदत हवी आहे: 'कर्स ऑफ स्ट्राड' संपलं, आता पुढचं कॅम्पेन कोणत्या खेळात?

नमस्कार मंडळी,

आमचं 'कर्स ऑफ स्ट्राड' नुकतंच संपलं. ('डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळातली ही एक भयकथा.) पुढचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनमध्ये (बैठकांमध्ये) चालणारी कथा, मी चालवणार आहे. ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये नको यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण मग कशात, यावर घोडं अडलंय. खाली लिहिलेल्यांपैकी एखादा खेळ कुणी सलग वर्षभर चालवला असेल, तर त्यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटेल.

आधी ग्रुपबद्दल. चार खेळाडू आणि मी. तिघं पुण्यात टेबलाशी असतात, एक जण नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून व्हिडिओ कॉलवर. एकाच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यामुळे सेशन तीन तासांच्या पुढे जात नाही. सगळं बोलणं मराठीत. चौघांपैकी दोघं भूमिकेत शिरून भरभरून बोलतात, दोघं शांतपणे ऐकून मग एकच नेमका प्रश्न विचारतात. मला हे चौघंही तितकेच हवे आहेत, म्हणून जोरात बोलणाऱ्यांनाच साथ देणारा खेळ नको.

बरोव्हियात, म्हणजे स्ट्राडच्या त्या प्रदेशात, आम्हाला काय आवडलं ते सांगतो, कारण निवड त्यावरूनच व्हायला हवी. मॅडम ईव्हा ही भविष्य सांगणारी बाई टारोकाचे पत्ते मांडते आणि त्यावरून वस्तू कुठे दडल्या आहेत, स्ट्राड हा खलनायक व्हॅम्पायर शेवटी कुठे भेटणार हे ठरतं. त्या रात्री सगळे पुढे सरकून बसले होते. वलाकी गावच्या चर्चमधून संत आंद्रालच्या अस्थी कुणी चोरल्या, हे शोधताना गावातल्या माणसांशी झालेली बोलणी आजही निघतात. लढाया मात्र कुणाला आठवत नाहीत. सातव्या-आठव्या लेव्हलनंतर एक मोठी लढाई म्हणजे अख्खं सेशन, आणि आपली पाळी येईपर्यंत आइंडहोवनवाली अर्धा तास गप्प. यात खेळाचा दोष आहे असं मला वाटत नाही. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी तो सैनिकांच्या छोट्या मूर्ती मांडून खेळायच्या युद्धखेळातूनच उभा केला, आणि आजही पात्राला मिळणाऱ्या बहुतेक शक्ती लढाईतच कामाला येतात. आम्हाला आता दुसरं काहीतरी हवंय.

एकाने 'पाथफाइंडर' सुचवलं. दुसऱ्या आवृत्तीतली दर पाळीला तीन अ‍ॅक्शन ही रचना सुबक आहे, आणि सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर फुकट वाचता येतात. पण तो लढाई अधिक चांगली करणारा खेळ आहे, त्यामुळे आमच्यासाठी नाही.

'ब्लेड्स इन द डार्क' हा चोरांच्या टोळीचा खेळ मी पूर्ण वाचला आणि खेळाची रचना म्हणून तो मला फार आवडला. सहा बाजूंचे फासे टाकायचे, सर्वांत मोठा आकडा धरायचा. सहा आला तर काम फत्ते, चार-पाच आला तर काम होतं पण किंमत मोजून. विरोधी पात्रांसाठी जीएम (खेळ चालवणारा) वेगळे फासे टाकत नाही. चोरीचा बेत आखण्यात वेळ घालवायचा नाही, थेट मधूनच सुरुवात करायची आणि गरज पडली की फ्लॅशबॅकमध्ये जाऊन 'मी काल पहारेकऱ्याला पैसे चारले होते' असं म्हणायचं. तीन तासांच्या सेशनला हे अगदी योग्य. पण फ्लॅशबॅक असो वा अडचणीतून काढलेली पळवाट, प्रत्येक खेळाडूला पटकन काहीतरी रचावं लागतं, आणि आमच्या दोघा शांत खेळाडूंवर त्याचं दडपण येईल अशी भीती वाटते. तसं होत नाही असा कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा, मी मत बदलायला तयार आहे.

आता खरी चुरस आहे ती दोन खेळांत.

पहिला 'कॉल ऑफ कथुलू', अज्ञात भयाचा माग काढणाऱ्या माणसांचा. मोफत क्विक-स्टार्टमधलं (नमुना-पुस्तिकेतलं) 'द हाँटिंग' आम्ही मध्यंतरी खेळलो. एका पात्राला पलंगाने खिडकीबाहेर फेकलं आणि ते तिथेच गेलं, तरी सगळे खूश होते. नियम सोपे: कौशल्य 60 असेल तर शंभराच्या फाशावर 60 किंवा कमी आणायचे. शांत खेळाडूंना इथे खूप जागा आहे, कारण नेमका प्रश्न विचारणाऱ्याच्याच हाती धागा लागतो. आणि 1920च्या दशकातलं पुणं मला खुणावतंय. भांडारकर संस्था 1917 साली सुरू झाली आणि 1919 पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे चालू झालं. देशभरातून वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या जमवून पाठ ताडून बघायचे. त्या पोथ्यांच्या शोधात निघालेली चार माणसं आणि कुठल्याच पाठाशी न जुळणारं एखादं पान! याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. अडचण पुढची आहे. पात्राचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) वाढत नाहीत आणि सॅनिटी (मनाचा तोल) बहुधा घटतच जाते. वर्षभरात पात्रं बदलत राहिली तर कथेत कुणाचा जीव उरेल का?

दुसरा 'व्हेसेन', फ्री लीग या प्रकाशकाचा, 2020 सालचा. एकोणिसाव्या शतकातलं स्कँडिनेव्हिया, आणि लोककथांमधल्या अदृश्य जीवांना पाहू शकणारी माणसं. कारखाने आले, लोक गाव सोडून शहरात गेले, आणि माणूस नि त्या जीवांमधला जुना करार मोडला, हा त्याचा पाया. हिट पॉइंट नाहीत. मार बसला, भीती वाटली की पात्र 'थकलेलं', 'घाबरलेलं', 'हताश' होतं आणि तेवढे फासे कमी होतात. मला सर्वांत भावलं ते हे की त्या जीवाला शस्त्राने कायमचं संपवता येत नाही. तो का चिडला आहे, त्याचं काय देणं राहिलं आहे, हे शोधून योग्य तो विधी करावा लागतो.

हे वाचताना मला एकसारखं कोकण दिसत होतं. पिंपळावरचा मुंजा, वाट चुकवणारा चकवा, पाण्यातला गिऱ्हा, समंध. 1890चं दशक, घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत, गावी रिकामी घरं, 1896च्या प्लेगनंतर शहरातून परत पळालेली माणसं, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटी. व्हेसेनमध्ये प्रत्येक प्रकरणात प्रवासाचा टप्पा असतोच, तो इथे बोटीचा होईल. देवळात गुरवाने गाऱ्हाणं घालून लावलेला कौल हा तर टारोकाच्या जागी आपोआप येऊन बसतो. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी या खेळाचं वेगळं पुस्तक निघालं आहे, म्हणजे प्रदेश बदलला तरी नियम टिकतात.

पण दोन गोष्टींवर मन अडतं. पहिली, हे सगळं जिवंत आहे. आमच्यातल्या एकीचं घर वेंगुर्ले तालुक्यात आहे. आरवलीच्या वेतोबाला चपला आणि केळीचे घड वाहणाऱ्या माणसांमध्ये ती वाढली. तिच्या घरच्यांसाठी राखणदार म्हणजे गोष्टीतलं पात्र नाही. ती खेळायला उत्सुक आहे, पण देवाला राक्षसासारखे आकडे द्यायचे नाहीत ही तिची अट मला शंभर टक्के पटते. भुतं कथेत आणायची, देवस्थानं आणि देव मात्र खेळाच्या नियमांबाहेर ठेवायचे, असा विचार आहे. दुसरी गोष्ट जातीची. 1890च्या कोकणात कोण कुठल्या विहिरीवर जाणार, देवळात कुठवर जाणार, हे सगळं जातीने ठरत होतं. ते पुसून टाकलं तर ते कोकण खोटं ठरेल, आणि ठेवलं तर टेबलावरच्या कुणालाही शनिवारच्या रात्री पुन्हा तो अपमान सोसावा लागता कामा नये. सेशन झीरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या चर्चेच्या बैठकीत, यावर मोकळेपणाने बोलणार आहोतच. पण असा काळ कुणी खेळवला असेल तर कोणत्या गोष्टी पडद्याआड ठेवल्या, कोणत्या समोर आणल्या, हे तपशिलात वाचायला आवडेल.

माझा कल व्हेसेनकडे आहे. तरी प्रत्येक प्रकरण सुटं असल्यामुळे पाच-सहा प्रकरणांनंतर तोचतोचपणा येतो का, हे मला ठरवता येत नाहीये. पुस्तकात स्वीडनमधल्या उप्सालातला एक किल्ला हे पात्रांचं मुख्यालय आहे आणि ते हळूहळू वाढवता येतं. त्या जागी मी गिरगावातलं एखादं जुनं घर ठेवीन. एवढ्याने वर्षभराची कथा बांधली जाते का, की मागे एखादं मोठं रहस्य लागतंच? आणि कथुलूवाल्यांनो, तुमच्याकडे पात्रं किती टिकली?

एक शेवटचं. आइंडहोवनवालीसाठी नकाशे लागणार नाहीत, पण पुरावे, पत्रं, फोटो सगळ्यांना एकाच वेळी दिसायला हवेत. यासाठी सोपं काही वापरत असाल तर सांगा. पुस्तकं अजून घेतलेली नाहीत. दिवाळीनंतर सेशन झीरो आहे, त्याआधी ठरवायचं आहे.