मदत हवी आहे: वाईला मावशीकडे एक दिवस, त्यातच मेणवली-धोम जमेल का?

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी पुण्याहून वाईला मावशीकडे जातोय. मी, नवरा, दोन मुलं (१० आणि १४) आणि आई. आई ७६ वर्षांची, गुडघे दुखरे. मावशी तिच्याहून मोठी, गंगापुरीत राहते. सकाळी निघून रात्री परत.

अडचण अंतराची नाही, मावशीची आहे. दिवाळीत गेलो होतो. अकराला पोचलो, पोहे झाले. दीडला पुरणपोळी, कटाची आमटी. मग "जरा लवंडा". साडेचारला चहा, आणि निघतो म्हटलं तर गाडीची किल्ली सापडेना. मावशीने ती देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली होती! "जेवल्याशिवाय कुठे निघालात?" पोरांच्या मते वाई म्हणजे मावशीआजीचं माजघर आणि झोपाळा. नदी पाहिलीच नाही त्यांनी.

या वेळी ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट आणि जमलं तर धोम दाखवायचंय. धाकट्याला मेणवलीची ती वसईची घंटा बघायचीच आहे.

१. मेणवलीच्या घाटावर आईला उतरवेल का? निदान वर बसून नदी दिसेल अशी जागा?
२. नाना फडणवीसांचा वाडा बंद असला तर घाटावर जाता येतं का?
३. परतीला सुरूर फाट्यावर (हायवेला लागतो तिथे) किती वाजेपर्यंत यावं?
४. आणि मावशीला न दुखावता घराबाहेर कसं पडावं? (हा खरा प्रश्न.)

---

प्रतिसाद १
आमचं आजोळ वाईच. घाटावर वाड्याच्या कडेने उतरता येतं, वाड्यावर काही अडत नाही. पायऱ्या दगडी आणि उंच आहेत, आईंना सगळ्या उतरवू नका, वरच झाडाखाली बसवा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली ती घंटा, तिच्यावर १७०७ साल आहे. धाकट्याला ते स्वतःच शोधू द्या.

ढोल्या गणपतीला मात्र आई आरामात येतील. देवळाच्या मागच्या भिंतीकडे मुलांना जरूर न्या. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशासारखी निमुळती बांधलीय. १७६२ चं सरदार रास्त्यांचं काम. लोक मूर्ती बघतात नि परत फिरतात, मागे कुणी जात नाही.

प्रतिसाद २
रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणीची सगळी गर्दी पसरणी घाटातून वाईतच उतरते. चारला निघा, नाहीतर सरळ रात्री जेवूनच निघा. मधली वेळ वाईट. परतीला खंबाटकीचा बोगदा आहे, घाट चढावा लागत नाही, पण बोगद्याआधी रांग लागतेच.

धोमला धरणापेक्षा देऊळ बघा. कमळासारखं कुंड आणि त्यात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी. पोरं खूश होतील.

प्रतिसाद ३
चौथ्या प्रश्नाचं उत्तर: मावशींनाच बरोबर न्या की! त्या शेवटच्या मेणवलीला कधी गेल्या होत्या, विचारलंत का कधी?

---

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३ वाचून लगेच मावशीला फोन लावला. मावशी आधी म्हणाली, "मला काय करायचंय तिथे." मग थोडा वेळ गप्प. मग, "तुझ्या काकांबरोबर गेले होते, मोठ्याच्या मुंजीनंतर." म्हणजे चाळीस वर्षं तरी झाली. दहा मिनिटांनी तिचाच फोन: पुरणपोळ्या शनिवारी रात्रीच करून ठेवते, डबा घाटावर खाऊ, आईला बसायला घडीची खुर्ची शेजारीण देतेय.

तर आता पाचवा प्रश्न. गाडी पाच जणांची, मावशी सहावी, आणि खुर्चीबरोबर शेजारीणही येणार असं दिसतंय. गावातून मेणवलीला जाऊन-येऊन रिक्षा किती घेतात हो?