मदत हवी आहे: अर्धांगवायूनंतर पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं?

सासऱ्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. वय ७२, वजन ७५ किलो. आता घरी आहेत. टेकून बसतात, आधार दिला तर थोडा वेळ उभे राहतात. दिवसा सासूबाई एकट्याच असतात आणि त्यांची कंबर धरलीय. काखेत हात घालून उठवलं की सासरे उजवा खांदा दुखतो म्हणतात. शिवाय पाणी पिताना ठसका लागतो, मऊ भात मात्र नीट जातो. असं का?

शेवंती
काखेतून उचलणं आधी बंद करा. लुळ्या बाजूचे स्नायू ढिले असतात, त्यामुळे ओढलं की दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकतं.

खुर्ची डावीकडे, म्हणजे चांगल्या बाजूला, तिरकी लावा. व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लावून पायपट्ट्या बाजूला करा. त्यांना पलंगाच्या कडेला आणा. पावलं सपाट, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. सासूबाईंनी समोर उभं राहून आपल्या गुडघ्यांनी त्यांचा उजवा गुडघा अडवायचा आणि हातांनी सासऱ्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा धरायचा. आता वर ओढायचं नाही, पुढे वाकवायचं. नाक पायाच्या बोटांवर आलं की बूड आपोआप सुटतं. बहुतेकांचं इथेच चुकतं, आणि कंबर जाते तीही इथेच. गळ्यात हात टाकू देऊ नका. उभे राहिले की बारीक पावलं टाकत वळायचं, खुर्ची पोटऱ्यांना लागली की पुन्हा वाकवून बसवायचं.

गुडघा सारखा दुमडत असेल तर एकटीनं करायचंच नाही. आधी फिजिओथेरपिस्टसमोर सासूबाईंकडून करून घ्या, तुमच्याकडून नव्हे.

काठावरचा
एअरबेड (अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात ती पंपाची हवेची गादी) असेल तर उठवण्याआधी पंप स्थिर दाबावर ठेवा, नाहीतर कड दबून माणूस घसरतो. एअरबेड असला तरी कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी.

घोटभर
पाणी पातळ, झटकन घशात उतरतं. गिळण्याची क्रिया उशिरा सुरू झाली की ते श्वासनळीत जातं. मऊ भात सावकाश सरकतो. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी लवकर करून घ्या आणि पाणी द्यायचं की नाही, किती घट्ट करून, हे तिथेच ठरवा. वरून पाणी ओतणं अजिबात नको; मान मागे गेली की श्वासनळीची वाट मोकळी होते. तळाशी घोटभर उरलेलं फुलपात्रही मान वर करायला लावतं. भरवताना ताठ बसवा, चमचा छोटा घ्या. जेवणानंतर उजव्या गालात घास अडकलाय का पाहा, तोंड स्वच्छ करा, अर्धा तास बसवून ठेवा. ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. आवाज घुरघुरता झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्नकर्ती
पट्ट्याऐवजी ओढणी बांधली तर?

शेवंती
नको. ती गोळा होऊन पोटात रुतते, गाठही सरकते. सर्जिकलच्या दुकानात ट्रान्सफर बेल्ट मागा, हँडलवाला. कपड्यांवरून बांधायचा, आत दोन बोटं जातील इतका घट्ट.