सत्तरीतल्या सरकारी मराठी शाळेत चौथीत शिकणारी मुलगी वर्गाच्या खूप पुढे आहे, काय करावं?

सत्तरीची_आई

नमस्कार. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून आत एका गावात राहतो. मुलगी गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथीत आहे. शाळा एकशिक्षकी, चारही वर्ग मिळून सोळा मुलं.

गेल्या काजूच्या दिवसांतली गोष्ट सांगते. सासरे बिया सोसायटीत घालून आले की पावत्या खिळ्याला अडकवून ठेवतात. एक दिवस हिने त्या सगळ्या काढून सोप्यावर पसरल्या. म्हणाली, "आजोबा, दर उतरला तेव्हा आपण जास्त बिया नेल्या आणि चढला तेव्हा कमी. आठ दिवस ठेवल्या असत्या तर?" सासरे म्हणाले, "बाय, बिया सुकतात, वजन घटतं." झालं! हिने एक किलो बिया वेगळ्या काढल्या आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहायला लागली. आठव्या दिवशी ९२० ग्राम भरल्या. मग दर किती चढला तर थांबणं परवडेल, हे तिचं तिनेच काढलं. टक्केवारी तिला कोणी शिकवलेली नाही.

शाळेत मात्र गणितं दहा मिनिटांत संपतात, मग तशीच आणखी दहा मिळतात, नाहीतर दुसरीच्या मुलांना पाढे म्हणून दाखवायचे. दिवाळीपासून सकाळी पोटात दुखतं म्हणते. रविवारी दुखत नाही.

बाई चांगल्या आहेत, पण "हुशार आहे हो, पहिलीच येते" यापुढे बोलणं जात नाही. दीर म्हणतात डबल प्रमोशन घ्या, म्हणजे मधला एक वर्ग गाळून पुढे. एका क्लासवाल्याने "गिफ्टेड टेस्ट" म्हणून बरीच मोठी रक्कम सांगितली. माझे प्रश्न तीन: सरकारी शाळेत अशी मुलं ओळखायची काही पद्धत आहे का? आयक्यू चाचणी करून घ्यावी का? आणि गावची शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे पाचवीला कुठे घालावं?

---

निवृत्त_मास्तर

ताई, ३१ वर्षं प्राथमिक शाळांत काढली, बहुतेक पेडणे आणि बार्देशात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. प्राथमिक वर्गात सगळ्या मुलांना तपासून प्रज्ञावान मूल हुडकून काढायची आणि मग त्याला वेगळं काही द्यायची पद्धत माझ्या नोकरीत मी पाहिली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विषय आला आहे. विशेष आवड किंवा गती असलेल्या मुलाला शिक्षकांनी नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडचं साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं, शाळा, शाळासमूह, जिल्हा अशा पातळ्यांवर विषयवार मंडळं काढावीत, असं त्यात म्हटलं आहे. पण एकशिक्षकी शाळेपर्यंत ते पोचायचं तर कोणीतरी मागे लागावं लागतं. तुम्ही लेखी अर्ज घेऊन भागशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.

आता पाचवीचं. हे नीट वाचा, कारण इथे पुष्कळ पालक चुकतात. गोव्यात जवाहर नवोदय विद्यालयं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा, दोन, दक्षिणेचं काणकोणला आणि उत्तरेचं तुमच्या वाळपईलाच. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण नुसत्या बुद्धिमापनाचे, म्हणजे आकृत्या, जुळण्या, क्रम. बाकी अंकगणित २५ गुण, भाषा २५ गुण. कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि निदान एक तृतीयांश मुलींना. पण ग्रामीण कोण? तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेलं मूल. यातला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तरी मूल शहरी धरतात. वाळपईला नगरपालिका आहे. म्हणजे बस सोयीची म्हणून पाचवीला वाळपईतल्या हायस्कुलात घातलंत, तर राहणार गावात आणि ग्रामीण जागेवरचा हक्क मात्र गेला. पंचायत हद्दीतलं हायस्कूल मिळतं का ते आधी बघा, आणि त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

डबल प्रमोशनच्या फंदात पडू नका. नवोदयला जन्मतारखेचीही अट असते, वर्ग उडी मारून गेला तर वय कमी पडायचं.

एक गोष्ट मनात राहिली आहे ती सांगतो. पेडण्यात खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, गावात होतो तेव्हा तिसरीत एक मुलगा होता. वाचनात मागे, अक्षर किरटं, बोलायचा नाही. "आमचे गाव" असं चित्र काढायला दिलं. सगळ्यांनी देऊळ आणि माड काढले. याने मानस काढली, बांधातली पाण्याची दारं, आणि तीही दोनदा. एका चित्रात भरती, बाहेरचं पाणी ढकलतं म्हणून दारं मिटलेली. दुसऱ्यात ओहोटी, आतलं पाणी ढकलतं म्हणून दारं उघडी. पाण्याला बाण दाखवलेले. दाराच्या खालच्या फळ्या जाड काढल्या होत्या. का रे, विचारलं तर म्हणाला, "मास्तर, सकयल पाणी चड धुकलता." खाली दाब जास्त, हे त्याला कळलं होतं. माझ्या वहीत तोवर "हुशार" म्हणजे सुवाच्य अक्षर आणि वर गेलेला हात. तो मुलगा त्या यादीत कधीच नव्हता. असे किती सुटले असतील माझ्या हातून!

---

फोंड्याची_समुपदेशक

पोटदुखीपासून सुरुवात करते. आधी डॉक्टरांना दाखवा. शरीरात काही नाही असं ठरलं, की मग कंटाळ्याचा विचार करू. रविवारी दुखत नाही याचा अर्थ ती सोंग करते असा नाही, दुखणं खरं असतं. तिला "नाटकं करू नको" असं म्हणू नका.

चाचणीबद्दल. नुसतं "आपली मुलगी किती हुशार" हे कळावं म्हणून पैसे घालवू नका. चाचणीच्या निकालावर काही ठरणार असेल तरच करा. केलीत तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच, एकट्या मुलीला समोर बसवून, आणि तिच्या भाषेत. बिने-कामत ही चाचणी मुळात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली आहे. मालिन यांची १९६९ची भारतीय मुलांसाठीची चाचणीही अजून वापरात आहे. दोन्हींची मानकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून आकडा काढतात ती, जुनी आहेत. जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो, म्हणून १३५ आला की पेढे आणि ११८ आला की सुतक, असं करू नका. क्लासमधली संगणकावरची वीस मिनिटांची टेस्ट म्हणजे बुद्ध्यंक नव्हे. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत मानसशास्त्र विभाग आहे, तिथे चौकशी करा, खर्च पुष्कळ कमी येईल. सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांतून समुपदेशक असतात, म्हणजे पाचवीपासून आमच्यापैकी कोणीतरी तुम्हाला शाळेतच भेटेल.

मास्तरांच्या मुलावरून एक आठवलं. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी प्रज्ञावान मुलं शोधायला सुरुवात केली. आधी शिक्षकांनी नावं सुचवायची, मग चाचणी. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं चाचणीत ठरलेल्या आकड्याला पोचली नाहीत म्हणून निवडली गेली नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये.

---

डिचोली_ते_फ्लोरिडा

मी मूळ डिचोलीचा, आता अमेरिकेत फ्लोरिडात. इथल्या सरकारी शाळेत माझी मुलगी आहे म्हणून इथली रीत सांगतो. फ्लोरिडात प्रज्ञावान मूल हे विशेष गरजेचं मूल मानलं जातं. दिव्यांग मुलांसारखीच त्यांची स्वतंत्र लेखी योजना शाळेने बनवायची असते. साधारण १३० बुद्ध्यंक लागतो. गरीब घरातल्या किंवा इंग्रजी नवीन असलेल्या मुलांसाठी वेगळा, खालचा निकष ठेवता येतो.

पण मला सांगायचं आहे ते ब्रोवर्ड जिल्ह्याचं. तिथे आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवायचे, मग शाळेचा मानसशास्त्रज्ञ चाचणी घ्यायचा. २००५ पासून त्यांनी दुसरीच्या सगळ्याच मुलांना आकृत्यांची, भाषा न लागणारी एक छोटी चाचणी द्यायला सुरुवात केली, आणि त्यात वर आलेल्यांना पुढच्या चाचणीला पाठवलं. गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची संख्या एकदम वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. ही मुलं आधीही त्याच वर्गात बसत होती आणि पुढच्या चाचणीत बसण्याइतकी तयारही होती, त्यांचं नाव तेवढं कोणी सुचवलं नव्हतं. पुढे पैशांची ओढाताण झाली, सरसकट चाचणी बंद पडली आणि आकडे परत खाली आले.

गोव्यासारख्या लहान राज्यात तिसरीच्या प्रत्येक मुलाला आकृत्यांचा एक कागद देणं अशक्य आहे असं मला वाटत नाही. शिक्षण खात्याने मनावर घ्यायला हवं. मास्तरांचा तो मुलगा अशा कागदावर नक्की दिसला असता.

---

सत्तरीची_आई

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. वाळपईच्या नगरपालिकेची गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती! आम्ही तिथलंच हायस्कूल ठरवून बसलो होतो. काल हा धागा बाईंना फोनवर दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला. म्हणाल्या, "मला पटतं, पण चार वर्ग एकटीने सांभाळताना हिच्यासाठी वेगळं काय करू ते कोणीतरी सांगा."

---

चार_वर्ग_एक_बाई

हे मला सांगू द्या, कारण मीही डिचोली तालुक्यात एकटीच चार वर्ग घेते.

पहिलं म्हणजे स्वाध्यायातली सगळ्यात अवघड पाच गणितं तिला आधी द्या. पाचही बरोबर आली की त्या धड्यातली बाकीची माफ. हे एवढ्याने तिचा अर्धा तास मोकळा होतो आणि तुम्हाला वेगळी तयारी काही लागत नाही. मोकळ्या झालेल्या वेळात पुन्हा तसलीच गणितं देऊ नका. मूल चार दिवसांत शिकतं की लवकर संपवलं तर शिक्षा आहे, आणि मुद्दाम हळू करायला लागतं. माझ्याकडच्या एका मुलाने तसं केलं होतं. मला कळायला दोन महिने लागले.

लहानांना शिकवायचं काम आठवड्यातून एकदा ठीक आहे, तिला आवडत असेल तर. रोज नको. ती शिकायला शाळेत येते.

मोकळ्या वेळासाठी तिच्याच बिया घ्या ना! पुढच्या मोसमात सावलीतल्या आणि उन्हातल्या बिया वेगळ्या तोलू दे. आलेख काढू दे. पहिल्या दोन दिवसांत जास्त घट का आणि नंतर कमी का, हे तिला सुचतं का बघा. उत्तर सांगू नका. तिची एक वेगळी वही करा, आणि तिच्यात निकालासोबत तिने विचारलेले प्रश्नही लिहून ठेवा. ही वही घेऊन भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलात तर "हुशार आहे" म्हणून सांगायची गरज उरणार नाही.

बाकी सोयी बहुतेक सहावीनंतर सुरू होतात. इन्स्पायर मानक या केंद्राच्या योजनेला शाळा मुलांच्या नव्या कल्पना पाठवते, निवड झाली तर १० हजार रुपये मिळतात. कोडिंग आणि रोबोटिक्सची राज्याची योजना २०२१ पासून आहे, तीही सहावीपासून. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. नवोदयला गेलेल्या मुलांना मात्र ही शिष्यवृत्ती मिळत नाही.

तोवर बालभवनची केंद्रं तालुक्यांत आहेत, फी अगदी कमी. मिरामारचं विज्ञान केंद्र एकदा दाखवा, पण सहलीतून नको, आईबरोबर. सहलीत प्रत्येक उपकरणापुढे अर्धा मिनिट मिळतो. आणि पणजीला गेलातच तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, तिथे तिला दोन तास सोडा आणि तुम्ही बाजार करून या.

---

निवृत्त_मास्तर

बाईंनी लाख मोलाचं सांगितलं. एकच भर घालतो. नवोदयच्या आकृत्यांचा सराव आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, बस. पाचवीचं अख्खं वर्ष परीक्षेला जुंपू नका. निवड झाली तर दहा-अकरा वर्षांची मुलगी वसतिगृहात राहणार, हेही तिच्याशी आत्ताच बोला. विद्यालय वाळपईला असलं तरी रोज घरी यायला मिळत नाही.

---

सत्तरीची_आई

बोलले. तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथे माझा काटा नेता येईल?" आणि दुसरा, "आजोबांच्या पावत्या मग कोण लिहील?" सासरे उठून मागच्या दारी गेले.

डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही. बाईंनी सोमवारपासून पाच गणितांचं सुरू केलंय. काल वहीत तिने पहिला प्रश्न लिहिला: बी सुकते तेव्हा आतला गर जास्त सुकतो की टरफल? मला उत्तर येत नाही. कोणाला माहीत असलं तरी इथे लिहू नका, ती फोडून तोलणार आहे.

आता एकच मदत हवी. वाळपईच्या आसपास, नगरपालिका हद्दीबाहेर, पाचवीपासूनचं मराठी मुलं सामावून घेणारं हायस्कूल कोणाच्या माहितीत आहे का? सकाळी कदंबची बस मिळायला हवी.