सोसायटीचा मेलबॉक्स : पॉप ठेवायचं की आयमॅप करायचं?

बी-३०२ (खजिनदार): नमस्कार. ऑडिटरसाहेबांनी परवा रात्री सोसायटीच्या मेलवर शंकांची यादी पाठवली. मी रात्री मोबाईलवर पाहिली, म्हटलं सकाळी कागद समोर घेऊन उत्तर देऊ. सकाळी अकराला उघडलं तर मेलच गायब! कोणी डिलीट केला का?

ए-१०४ (सेक्रेटरी): वहिनी, मी हात लावलेला नाही. आत्ता ऑफिसच्या पीसीवर पाहिलं, तिथे आहे तो मेल. इनबॉक्समध्ये वरच आहे.

बी-३०२: माझ्या मोबाईलवर नाही आणि वेबमेलवरही नाही. लिफ्टच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कोटेशनचंही असंच झालं होतं. मला वाटलं त्यांनी पाठवलंच नाही, म्हणून दोनदा फोन केले त्यांना.

बी-७०२: मेलवाल्या कंपनीचा सर्व्हर गंडलाय. कंपनी बदला सरळ.

ए-६०३: जरा थांबा, कंपनी बदलायची गरज नसावी. वहिनी, मॅनेजरांनी सकाळी पीसी सुरू केला की त्यानंतरच मेल जातात ना? सेक्रेटरीसाहेब, पीसीवरच्या आउटलुकमध्ये (आपण मेल बघतो त्या प्रोग्राममध्ये) फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडा. सोसायटीच्या पत्त्यासमोर ‘टाइप’खाली काय लिहिलंय?

ए-१०४: पॉप/एसएमटीपी.

ए-६०३: मग तेच कारण. पॉपची रीत अशी की सर्व्हरवर आलेले मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून काढून टाकायचे. रात्रभर मेल सर्व्हरवर असतो म्हणून वहिनींना दिसतो. सकाळी पीसीने ओढून घेतला की सर्व्हर रिकामा. सर्व्हर बिघडलेला नाही, त्याला जे सांगून ठेवलंय तेच तो करतोय.

सेक्रेटरीसाहेब, एक काम आत्ताच करा, बाकीची चर्चा मागाहून. त्याच खात्यावर चेंज, मग मोअर सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड. तिथे ‘सर्व्हरवर मेलची प्रत ठेवा’ अशा अर्थाचा चौकोन आहे, त्यावर टिक करा. त्याच्याखाली ‘१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ असं असेल तर तिथली टिक काढा. आजपासून येणारे मेल तरी सगळ्यांना दिसतील.

ए-१०४: केलं. वहिनी, ऑडिटरचा मेल तुमच्या पत्त्यावर फॉरवर्ड केलाय.

बी-३०२: मिळाला, धन्यवाद.

सी-२०१ (काका): मी स्वतः आजही पॉपच वापरतो, म्हणून थोडं लिहितो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतर घरी मोडेम घेतला, तेव्हापासूनची सवय. फोनचं बिल चढायचं. लाइन जोडायची, मेल उतरवायचे, लाइन तोडायची, मग सावकाश वाचायचे आणि उत्तरं लिहून ठेवायची. पॉप त्यासाठी उत्तम. आणि माझा मेल माझ्या कपाटात राहतो. उद्या कंपनी बंद पडली किंवा पैसे भरायला उशीर झाला म्हणून खातं गोठवलं तरी माझी पत्रं माझ्याजवळ. तुम्ही तरुण मंडळी सगळं दुसऱ्याच्या मशीनवर ठेवता, ते मला पटत नाही.

ए-६०३: काका, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे, त्यावर मी खाली येतोच. माझं काम मेल सर्व्हर सांभाळायचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यांनी वेळ काढून वाचा, कारण निर्णय कमिटीला घ्यायचाय.

पॉप १९८४ चं आणि आयमॅप, म्हणजे मेल बघायची दुसरी रीत, १९८६ चं, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच वयाचे. आज वापरतो ते पॉप-थ्री १९८८ मध्ये आलं. आयमॅप स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तयार केलं. त्यामुळे एक जुनाट आणि दुसरं आधुनिक असं नाही, दोघांचा विचारच वेगळा. पॉप धरून चालतं की मेलबॉक्सचा मालक एक आणि त्याचं मशीनही एक. आयमॅप धरून चालतं की मेल सर्व्हरवरच राहणार आणि तुम्ही कुठूनही, कितीही मशीनवरून तो बघणार.

काकांचं खातं पहिल्या प्रकारचं आहे. एक माणूस, एक कॉम्प्युटर, रोजची शिस्त. त्यांनी पॉप बदलावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण सोसायटीचं खातं एका माणसाचं नाहीच. सेक्रेटरी, खजिनदार, चेअरमन आणि मॅनेजर असे चौघं ते बघतात, आणि पाच वर्षांनी कमिटी बदलली की चौघंही वेगळे असतील.

आता कोणी म्हणेल, प्रत ठेवायची टिक केली, प्रश्न मिटला. नाही मिटला. पॉपमध्ये सर्व्हरशी बोलायचे शब्दच मोजके आहेत : किती मेल आहेत ते सांग, हा दे, हा काढून टाक. अमुक मेल वाचला, अमुकला उत्तर दिलं, हे सर्व्हरला कळवायची सोय त्यात नाही. सेक्रेटरींनी एनओसीच्या अर्जाला उत्तर दिलं तरी वहिनींच्या मोबाईलवर तो अर्ज न वाचलेलाच दिसणार, आणि त्या पुन्हा उत्तर देणार. आयमॅपमध्ये या खुणा सर्व्हरवर राहतात. एकाने उत्तर दिलं की बाकीच्यांना त्या मेलवर उलटा बाण दिसतो. आपल्यासारख्या चौघांच्या कारभारात माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

दुसरं, पाठवलेले मेल. पॉप फक्त इनबॉक्स ओळखतं. पीसीवरून सोसायटीने आजवर जेवढी पत्रं पाठवली, महापालिकेला, बिल्डरला, थकबाकीदारांना, ती फक्त त्या पीसीवर, आउटलुक मेल साठवतं त्या पीएसटी नावाच्या फाइलमध्ये आहेत. सर्व्हरवर एकही नाही. उद्या ती हार्डडिस्क गेली तर कन्व्हेयन्ससाठी (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून घ्यायला) बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार कुठून आणणार? मला मेल गायब होण्यापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

चेअरमन: बिल्डरचा सगळा पत्रव्यवहार त्यातच आहे. प्रिंट काढून फाइलला लावलेले फार थोडे.

ए-६०३: मग सर, बाकी काही करण्याआधी त्या पीएसटीची प्रत काढू. आउटलुक पूर्ण बंद करून फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायची. चालू आउटलुकमधली पीएसटी कॉपी करायची नाही. आणि ती फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून त्यावर काम करायचं नाही, अशाने फाइल खराब होते.

बी-७०२: एवढं करण्यापेक्षा एक जीमेल उघडा ना. जीमेलच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या खात्याचे मेल ओढून घ्यायची सोय आहे. आमच्या जुन्या ऑफिसात तेच करायचो.

ए-६०३: ती सोयही पॉपवरच चालायची. गूगलने ती २०२६ मध्ये बंद करायचं जाहीर केलं आहे, त्यामुळे आता नव्याने तिच्यावर विसंबू नये. मोबाईलच्या जीमेल ॲपमध्ये मात्र सोसायटीचं खातं आयमॅपने जोडता येतं. वहिनी आणि चेअरमन सरांनी तेच वापरावं, नवं ॲप शिकायला नको.

सी-२०१ (काका): कुठूनही दिसतं ते ठीक. पण एखाद्याने मोबाईलवर चुकून मेल उडवला तर?

ए-६०३: तर तो चौघांकडूनही उडतो, काका. तुमचा मुद्दा नेमका इथेच लागू पडतो. आयमॅप म्हणजे बॅकअप नाही. पीसीवर आयमॅपची प्रत साठलेली दिसली तरी ती सर्व्हरशी जुळवून घेत असते, तिकडून गेलं की इकडूनही जातं. कचऱ्याच्या फोल्डरमध्ये काही काळ सापडतं, पण बऱ्याच सर्व्हरवर तो फोल्डर ठराविक दिवसांनी आपोआप रिकामा होतो.

म्हणून माझं म्हणणं असं : रोजच्या कामाला आयमॅप, आणि काकांचं कपाट वेगळं. दर तिमाहीला पूर्ण मेलबॉक्सची, पाठवलेल्या मेलसकट, एक पीएसटी एक्सपोर्ट करायची आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. ३१ मार्चची प्रत तर हिशेबाच्या वह्यांबरोबरच जपायची. जुनी प्रत पुसून तिच्यावर नवी टाकायची नाही. तारीख घालून दोन्ही ठेवायच्या, नाहीतर चुकून उडालेला मेल नव्या प्रतीतही नसेल.

सी-२०१ (काका): हे पटलं. डिस्क माझ्याकडे ठेवायला माझी हरकत नाही, पण दुसरी एक ऑफिसच्या कपाटातही असू दे.

ए-६०३: दोन डिस्क, उत्तम.

ए-१०४ (सेक्रेटरी): बदल करायचा कसा? आहे त्याच खात्यात पॉपचं आयमॅप करता येतं का?

ए-६०३: नाही, खातं नव्याने जोडावं लागतं. मी शनिवारी संध्याकाळी ऑफिसात येतो, आपण मिळून करू. थोडक्यात सांगतो.

पीएसटीची प्रत आधी. मग मेलवाल्या कंपनीच्या पॅनलमध्ये आपल्याला जागा किती दिलीय ते पाहायचं. हे फार महत्त्वाचं आहे. आजवर सर्व्हर रोज रिकामा होत होता, म्हणून जागा कधी कमी पडली नाही. आयमॅप केलं की सगळं तिथेच साठणार, आणि मेलबॉक्स भरला की नवे मेल परत जायला लागतात. पीएसटी मोठी असेल तर जागा वाढवून घ्यावी लागेल, किंवा जुनी वर्षं पीएसटीतच ठेवून अलीकडची वर चढवू.

त्यानंतर आउटलुकचं नवं प्रोफाइल बनवून त्यात खातं आयमॅपने जोडायचं आणि जुनी पीएसटी बाजूला उघडायची. मेल तिकडून इकडे वर्षावर्षाने कॉपी करायचे. हलवायचे नाहीत, कॉपीच. मध्येच नेट गेलं तर मूळ जागेवर शाबूत पाहिजे. सगळं नीट चढल्यावर जुन्या प्रोफाइलमधलं पॉपचं खातं काढून टाकायचं, नाहीतर कोणीतरी ते उघडेल आणि ते पुन्हा मेल ओढायला लागेल.

आणखी एक. पाठवलेल्या मेलचे कधीकधी दोन फोल्डर दिसायला लागतात, एक पीसीने बनवलेला, एक मोबाईलने. सगळ्यांच्या सेटिंगमध्ये सर्व्हरवरचा एकच निवडू.

बी-३०२ (खजिनदार): कंपनीच्या कागदावर पोर्ट ११० लिहिलंय. मोबाईलवर तोच टाकायचा का?

ए-६०३: नाही वहिनी. पोर्ट म्हणजे सर्व्हरशी जोडायच्या दाराचा नंबर, ११० हा पॉपचा जुना पोर्ट. नुसत्या ११० वर पासवर्ड उघडाच जाऊ शकतो. आयमॅपसाठी ९९३ टाका आणि सुरक्षेत एसएसएल/टीएलएस निवडा. सर्व्हरचं नावही पॉपसाठी वेगळं आणि आयमॅपसाठी वेगळं असू शकतं, कागदावर पाहून घ्या. मेल पाठवायचं काम यातलं कोणीच करत नाही, ते एसएमटीपीचं. तिथे ४६५ किंवा ५८७, कंपनीने दिला असेल तो.

चेअरमन: पासवर्ड सध्या किती जणांकडे आहे?

ए-१०४ (सेक्रेटरी): सर, मागच्या कमिटीतल्या दोघांकडेही असणार. बदललेला नाही.

ए-६०३: मग शनिवारी तोही बदलू. जुन्या फोनवर आयमॅप जोडलेलं राहिलं असेल तर तिथून चुकून मेल उडू शकतो. पॉप असेल तर तो फोन मेल ओढून घेऊ शकतो. पासवर्ड बदलला की दोन्ही थांबतात. यापुढे कमिटी बदलेल तेव्हा चार्ज देण्याच्या यादीत मेलचा पासवर्ड आणि दोन्ही डिस्क लिहायच्या.

चेअरमन: ठीक आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीय, १४ दिवसांची नोटीस याच मेलवरून जाईल, त्याआधी हे पूर्ण व्हायला हवं. शनिवारी सहा वाजता ऑफिस. मॅनेजरांना मी थांबायला सांगतो. जागा वाढवायला किती पैसे लागतात ते कंपनीकडून आजच विचारून घ्या.

बी-३०२ (खजिनदार): डिस्कचं बिल सोसायटीच्या नावाने घ्या, म्हणजे व्हाउचर करता येईल.